खंडेनवमीची फ्लॉपी

त्या फ्लॉपीला ओल्या झेंडूचा वास येत होता. नव्वदच्या दशकाअखेरीस कोल्हापुरातल्या एका संगणकवर्गात मी शिकवत असे. मुलांच्या प्रोग्रॅममध्ये राहून गेलेला अर्धविराम मला चटकन सापडे. कागलहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मात्र परीक्षेत दाखवायच्या प्रोग्रॅमची एकमेव प्रत असलेली ती फ्लॉपी खंडेनवमीला घरच्या खुरप्या-विळ्यांशेजारी पुजली होती.

“माझं हत्यार हेच की, मॅडम!”

तासाभरात परीक्षा होती. नापास झाली, तर वडील शिक्षण थांबवणार होते. मी फ्लॉपी संगणकात घातली, पण यंत्र नुसते घरघरत राहिले. पडद्यावर काही उमटेना. मी ती बाहेर काढून तिची झडप सरकवली. आतल्या काळ्या चकतीवर भिजलेले कुंकू वाळून बसले होते. तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले आणि हळूच विचारले,

“पुसू?”