टाकेकाकांच्या किल्ल्या

आमच्या गावातून सकाळची दुसरी बस शहराकडे निघाली की मागे उरतात म्हातारी माणसं, मांजरं आणि टाकेकाका. बसथांब्यासमोर त्यांचं चपला-बूट शिवायचं दुकान, दुकानामागची खोली हेच घर. बस गाठायला धावणारा प्रत्येक जण जाता जाता घराची किल्ली त्यांच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवतो. दुपारी शाळेतून मुलं येतात, नळ दुरुस्त करणारा येतो. ज्याला जी लागेल ती किल्ली काका काढून देतात. माझे यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा मी अजून शहरात नोकरी करत होते. रोज दुपारी नर्सला दार उघडून देऊन शाळा सुटेपर्यंत काका यजमानांच्या उशाशी बूट शिवत बसायचे. शेवटच्या दिवसांत यजमान एकटे नव्हते, एवढं समाधान मला आजही पुरतं.

याच कामावर काकांनी आईविना मुलगी वाढवली, शिकवली. ती शहरात बँकेत अधिकारी झाली, लिफ्टच्या इमारतीत राहू लागली. गेल्या वर्षी काकांना मोतीबिंदू झाला, टाके वाकडे पडू लागले. मुलीने बजावलं, "बाबा, आता पुरे. कायमचे माझ्याकडे चला." त्यांना तिचं मन मोडवेना आणि गावही सोडवेना. शेवटी हो म्हणाले.

निघायच्या दिवशी सकाळी लोकांनी सवयीने खिळ्याला अडकवलेल्या किल्ल्या थांब्यावर उभं राहून त्यांनी ज्याच्या त्याच्या हातात परत दिल्या. लोकांनी डोळे पुसले, किल्ल्या खिशात टाकल्या आणि नेहमीसारखी बस पकडली.

सामान आवरता आवरता दुपार झाली. मी निरोप द्यायला गेले, तर बापलेकीत जुंपलेली.

"बाबा, कुलूप कुठंय?"

"कसलं?"

"आपल्या घराचं! लावून निघायचंय ना?"

"आपल्या दाराला कुलूप होतं कधी? मी इथंच तर असायचो, नाहीतर हाकेच्या अंतरावर."

"गावभरच्या किल्ल्या सांभाळल्या आणि स्वतःच्या दाराला कुलूप नाही! धन्य आहे तुमची!"

एवढ्यात शाळा सुटली. मुलं आली आणि रिकाम्या खिळ्यांकडे बघत उभी राहिली.

"आजोबा, आमची किल्ली?"

काकांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! बापाच्या खिशात घालून शहरात धाडली की मी!"

मग काय, सगळी वरात आत. मुलीने साडीचा पदर खोचला आणि मोठ्या पातेल्यात भात लावला. एक चिमुरडी तर बांधलेल्या वळकटीवरच झोपली. तिला पांघरूण घालत मुलगी मला म्हणाली, "काकू, लहानपणी आमच्याकडे रोज अशीच पंगत असायची. मला वाटायचं, आपण फार श्रीमंत आहोत."

संध्याकाळच्या बसने मुलांचे आईबाप आले, ते घाबरून धावतच. मुलगी दारातच उभी राहिली.

"किल्ल्या परत खिळ्याला लावा. डोळ्यांचं ऑपरेशन झालं की बाबांना मीच आणून सोडते. तोवर इथं काकू बसतील."

मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं!

"आणि कायमचं न्यायचं ठरलं होतं ते?" एकाने विचारलं.

"मी ठरवलं होतं. बाबांनी कुठं ठरवलं होतं?"

काका तोंड धुवायला म्हणून मागे गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत.

महिनाभर मी त्यांच्या स्टुलावर बसले. मग एका रविवारी मुलगी त्यांना घेऊन आली. काकांनी नवा चष्मा सावरत मला नीट न्याहाळलं.

"वहिनी, तुम्ही बऱ्याच म्हाताऱ्या झालात की हो!"

असं तोंडावर सांगणारं माणूस परत आलं, मला आणखी काय हवं?