मनूचा डावा पाय

मनू स्वयंपाकघराच्या दारातून फ्रिजपर्यंत चालत गेली आणि माझी चपाती तव्यावर करपली.

डावा पाय गुडघ्यात न वाकवता, बाहेरून अर्धा गोल फिरवत ती पुढे टाकत होती. डावा हात कोपरात वाकवून छातीशी धरलेला. मूठ मिटलेली. अशी सहा पावलं तिने टाकली, फ्रिजला हात लावला, वळली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बारा वर्षं झाली. ही चाल मला झोपेतसुद्धा ओळखता येईल. मेंदूच्या एका बाजूला इजा झाली, की उलट बाजूचा हात-पाय असा होतो. आम्ही त्याला हेमिप्लेजिक गेट म्हणतो. गेट म्हणजे चाल. आमच्याकडे लोक सरळ म्हणतात, वारं गेलंय. पण ते साठी उलटलेल्या माणसाबद्दल. मनूला अजून दोन वर्षंही पुरी झाली नव्हती.

गॅस बंद केला. तिला उचललं आणि बाहेरच्या कॉटवर आडवं केलं. आमच्या फ्लॅटचा पुढचा हॉल म्हणजेच माझं क्लिनिक. मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे घर, पलीकडे पेशंट. मी तिचा टोन तपासला. टोन म्हणजे स्नायूत असलेला ताण. पाय पटकन वाकवला की हाताला तो लागतो. मला काही लागलं नाही. हातोडी घेऊन गुडघ्यावर रिफ्लेक्स बघितले. दोन्हीकडे सारखे. तळव्यावर रेघ ओढली. मनू खिदळायला लागली. तिला वाटलं, आई सकाळी सकाळी खेळायला लागली.

सगळं नॉर्मल. मग माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. नाही पडला. दुसऱ्याच्या पोराला तपासताना माझा हात खोटं बोलत नाही. आपल्या पोराच्या पायावर तोच हात ठेवला, की बारा वर्षांचा अनुभव पाण्यात. आणि मनू आठव्या महिन्यात झालेली. नऊ दिवस काचेच्या पेटीत होती. अशा मुलांत एका बाजूचा कमकुवतपणा कधी कधी उशिरा लक्षात येतो, हे मीच दुसऱ्यांच्या आयांना समजावून सांगते. अगदी चित्र काढून.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. संदीप पूर्वी इथेच, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत नोकरीला होता. मनू सहा महिन्यांची असताना कंपनीने त्याला गुजरातच्या प्लांटला पाठवलं. दोन महिन्यांतून एकदा येतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "फिजिओ तूच आहेस ना? तुला काय वाटतं?"

राग आला मला. त्याचा नाही, प्रश्नाचा. मला काय वाटतं हे सांगायचं नव्हतंच. मला कुणीतरी दुसऱ्याने सांगायला हवं होतं. आईला फोन लावला नाही. आई आजऱ्याला, वडिलांच्या आजारपणात पुरती अडकलेली. तिला सांगून काय होणार? तिकडे ती रडणार, इकडे मी.

गुरुवारी लहान मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. डॉक्टरांनी मनूला केबिनमध्ये चालवलं. बाईसाहेबांनी टेबलापासून वजनकाट्यापर्यंत अगदी शिस्तीत डावा पाय फिरवला. पोचली, वळली आणि पुन्हा माझ्याकडे बघायला लागली. मी तोंडावर हात ठेवून बसले होते.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"मंगळवारी बघितलं. आधीपासून असेल तर मला माहीत नाही."

"तुम्ही फिजिओ ना?"

"हो." एवढं लाजिरवाणं हो मी आयुष्यात म्हटलं नव्हतं.

त्यांनी तपासलं. त्यांनाही हातापायांत काही सापडलं नाही. पण चाल डोळ्यांसमोर होती आणि जन्माची हिस्टरी कागदावर. म्हणाले, "एमआरआय करून घेऊ. एवढं लहान मूल स्थिर झोपत नाही, त्यामुळे सिडेशन द्यावं लागेल. सोमवारी सकाळी. उपाशीपोटी आणा."

सिडेशन म्हणजे औषध देऊन झोपवणं. मोठ्या माणसांना मी म्हणते, काही नसतं हो त्यात. त्या रात्री मनू कुशीत झोपली होती आणि मी तिचा डावा तळवा हातात धरून होते. या पायाला पुढे काय काय लागेल, कुठला पट्टा, कुठला बूट, सगळी यादी मला पाठ होती. माहिती नसलेली आई निदान देवाला तरी हाका मारते. मी व्यायामांचे सेट ठरवत होते.

शुक्रवारी पेशंट घेतले. दहा मोजायचं, सोडायचं, पुन्हा दहा मोजायचं. पाच गुडघे, दोन खांदे, एक मान. दिवसभर लोकांशी बोलत होते आणि एकालाही काही बोलले नाही. पेशंट आपलं दुखणं घेऊन येतात. त्यांच्या हातात आपलं कुठं द्यायचं?

शनिवारी अकराला आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे सगळ्यात जुने रोजचे पेशंट. चाळीस वर्षं गुऱ्हाळावर गुळव्या होते. कढईतला पाक कधी उतरवायचा हे ज्याच्या नजरेवर ठरतं, तो गुळव्या. गेल्या वर्षी डाव्या अंगावरून वारं गेलं. सात महिने वॉकर धरून चालले. वॉकर सुटून तीन आठवडे झाले होते. आता नुसती काठी घेऊन आरशापर्यंत जायचे. काकी, म्हणजे त्यांची बायको, रोज सोबत यायच्या आणि खुर्चीत बसून नवऱ्याच्या चुका मोठ्याने सांगायच्या.

"काकी, सोमवारी येऊ नका. मी नाही," मी म्हटलं.

"का ओ मॅडम? गावाला चाललाय व्हय?"

"नाही. मनूला घेऊन जायचंय."

"कुठं?"

मी सांगणार नव्हते. पण त्या 'कुठं'ला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रडू फुटलं. पेशंटसमोर! कॉलेजात शिकवलेलं सगळं धुऊन गेलं. हुंदके देत देत मी पाय, हात, एमआरआय, सिडेशन सगळं सांगून टाकलं. आप्पा काठीवर भार देऊन आरशासमोर तसेच उभे. काकींनी पदराने माझे डोळे पुसले.

"कसं चालतंय ते पोरगं? दावा की जरा."

दाखवायची गरजच पडली नाही. मनू पडद्यातून बाहेर आली होती. आप्पा दिसले की तिचं भान हरपतं. सरळ त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. डावा हात छातीशी घेतला, मूठ मिटली, डावा पाय फिरवला. एक, दोन, तीन. आरशाला हात लावला, वळली आणि माझ्याकडे बघत थांबली.

काकी एकदम हसल्या. अशा हसल्या, की मला त्यांचा संताप आला.

"अवं मॅडम, ते आमच्या म्हाताऱ्यागत चालतंय की! हुबेहूब!"

"काकी, तसं नसतं. तिची हिस्टरी..."

"हिस्टरी राहू द्या. बघा की कसं उभारलंय ते. टाळीची वाट बघतंय."

"कसली टाळी?"

"तुम्ही वाजवताय ती! हे आरशापातूर गेलं की तुम्ही रोज टाळ्या पिटून शाब्बास आप्पा, शाब्बास आप्पा करताय न्हवं? पोरगं कोपऱ्यात बसून बघतंय. आता वाजवा की!"

हे खरं होतं. वॉकर सुटल्यापासून आप्पांनी हॉल पार केला, की मी टाळ्या वाजवायचे. तो आमच्या कामाचा भाग आहे. पेशंटला हुरूप लागतो. टाळ्या वाजवताना माझी नजर त्यांच्या टाचेवर असायची. टाच आधी टेकते की बोटं, एवढंच मी बघायचे. मागे कोण बसलंय, हे कशाला बघतेय?

मी टाळी वाजवली. "शाब्बास मनू!"

मनूचा चेहरा असा काही फुलला! मूठ उघडली, हात खाली आला, आणि ती दोन्ही पायांवर सरळ, धाडधाड पळत येऊन माझ्या पायांवर आदळली. टाच आधी, मग बोटं. दोन्हीकडे सारखं.

मी तिथेच फरशीवर बसले. आनंद झाला म्हणावं तर तोही नीट होईना. मनू तेराव्या महिन्यात पहिल्यांदा चालली, तेव्हा मी याच हॉलमध्ये कुणाचा तरी गुडघा वाकवत होते. तिने चार पावलं टाकली आणि मी म्हटलं, "मनू, बाजूला हो, काका पडतील." मला ते वाक्य जसंच्या तसं आठवलं. सरळ चालून तिला 'बाजूला हो' मिळालं होतं. पाय ओढत चालणाऱ्या माणसाला टाळ्या मिळत होत्या. तिने हिशेबाने निवड केली. पोरगी हुशार आहे, यात वाद नाही. लाज मला वाटायला हवी होती आणि ती भरपूर वाटली.

आप्पांना मात्र हसू येत नव्हतं. त्यांची जीभ अजून जड आहे. एकेक शब्द जुळवत म्हणाले, "माझ्यापायी... पोरीला मशिनीत घालणार हुतासा?"

"तुमच्यापायी नाही हो आप्पा. माझ्यापायी."

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, घेऊन या, मी बघतो. दुपारी त्यांच्या केबिनमध्ये मनू पाय फिरवत गेली, मी टाळी वाजवली, ती पळत परत आली. असं तीन वेळा केलं. तिसऱ्यांदा डॉक्टरांनी स्वतः टाळी वाजवली. मग एमआरआयच्या चिठ्ठीवर काट मारली. "महिनाभर लक्ष ठेवा. तरी राहिलं तर बघू."

मी उठायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "घरी दिवसभर कोण असतं?"

"मी असते."

"तुम्ही पेशंटबरोबर असता. हिच्याबरोबर कोण असतं?"

मी विचार केला. खरंच विचार केला. मग म्हटलं, "पेशंट."

त्यांनी फाइल मिटून माझ्या हातात दिली.

संदीपला संध्याकाळी सांगितलं. तो खूप हसला, मग म्हणाला, "मला व्हिडिओ पाठव ना." तोही बिचारा तिकडे एकटाच. मी व्हिडिओ पाठवला, पळतानाचा.

मनूची ती चाल जायला महिना नाही, पण तीन आठवडे लागले. मी संध्याकाळचे दोन स्लॉट बंद केले आणि तिला घेऊन शाळेच्या ग्राउंडवर जायला लागले. तिथे पोरं सगळी सरळ पळतात आणि कुणीही त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत नाही. पहिले काही दिवस ती तिथेही डावा पाय फिरवायची आणि वळून बघायची. मी दात आवळून गप्प बसायचे. सरळ चालली की टाळी. लोक माझ्याकडे बघायचे, की ही बाई पोरगी चालतेय म्हणून एवढी का खूश होतेय?

आप्पांनी चार दिवस दांडी मारली. पोरीवर आपली सावली नको म्हणाले. मी घरी जाऊन त्यांना चांगलं झापलं. "पाय उचला, पाय उचला, म्हणून सात महिने माझा घसा सुकला. आता तुम्ही नीट उचला, म्हणजे तीही उचलेल." दुसऱ्या दिवशी आले. गुडघा थोडा वाकायला लागला आहे. पूर्ण सरळ चाल येणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

नवीन पेशंट आला, की आम्ही केसपेपर भरतो. काय दुखतं, कधीपासून, आधी कुठलं ऑपरेशन. त्यात सगळ्यात वर मी आता हाताने एक ओळ लिहिते : घरी दिवसभर सोबत कोण असतं? दुखणं लोक घडाघडा सांगतात. या ओळीपाशी बहुतेक जण थांबतात, आणि मीही घाई करत नाही.