सत्यभामाबाईंनी भरलेलं पाणी

सत्यभामाबाई आमच्याकडे वाशीला सहा वर्षं कामाला होत्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, राहायला घणसोली गावात भाड्याच्या खोलीत. दारूचं नाव काढलं तरी तोंड वाकडं. आणि नेमकं त्यांच्याच नशिबी आमच्या ह्यांचा वाइनचा फ्रिज पुसणं आलं.

हे, म्हणजे दिनानाथ, न्हावा शेवाला जहाजांवरचा माल सोडवून द्यायचं काम करायचे. एका परदेशी कप्तानाच्या नादाने वाइनचं वेड लागलं आणि काचेच्या दाराचा तो छोटा फ्रिज घरात आला. आतली हवा कोरडी झाली की बुचं सुकतात, म्हणून तळाशी पाण्याची वाटी. शेजारी दमटपणा दाखवणारा काटा. तो साठ-सत्तरच्या मध्ये हवा, वर गेला की बुरशी. पाणी स्वतः मोजून घालायचे, मला हात लावू द्यायचे नाहीत. जावयाचीसुद्धा एवढी बडदास्त कोणी ठेवत नाही. कुठली बाटली कधी उघडायची ते लेबलावर शाईने लिहिलेलं. 'गीतूचं लग्न', म्हणजे आमच्या लेकीचं. 'सुमेधाची पन्नाशी', म्हणजे माझी.

शहाण्णव साली त्या फ्रिजच्याच खोलीत बसल्या बसल्या ते गेले. तिथे दिवा लावला, फुलपात्रात पाणी ठेवलं. तेराव्याला मी ते उचललं, फ्रिजवर चादर टाकली आणि पुन्हा त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. खरं सांगते, मला भीती वाटायची. दुपारी आतून भांडं वाजायचं. बाई केर काढत असतील, असं मी मनाशी म्हणायचे. मग बाई ओट्यापाशी दिसल्या की हातपाय गार पडायचे.

वर्षाने गीतांजलीचं लग्न ठरलं. तिची बाटली काढायची होती, आणि आमच्यासाठी लिहिलेलं ह्यांचं अक्षर तेवढंच उरलं होतं. मन घट्ट करून मी चादर ओढली.

काच आतून घामेजलेली. काटा नव्वदच्या पुढे. वाटीच्या जागी फुलपात्र, तांब्या आणि एक पातेलं, तिन्ही काठोकाठ भरलेली. लेबलं काळी पडून गळाली होती. एक अक्षर लागत नव्हतं.

बाईंना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या.

"तेराव्याच्या दुसऱ्या दिशी वाटी कोरडी व्हती, वैनी. सायबांनी प्याली. म्या भरली, तर परत कमी. लई तहान हाय त्यांना, म्हनून भांडी वाढवली."

"अहो बाई, पाणी आपोआप उडतं. ह्यांनी लिहिलेलं सगळं घालवलंत तुम्ही. मला एका शब्दाने विचारायचंत तरी."

"तुमास्नी काय इचारायचं? तुमी तेराव्याला पानी उचललं ते उचललंच. त्यांनी माज्याकडं मागितलं."

त्याच क्षणी त्यांना हाकलणार होते मी. पण लेबलांचं काही वाटेनासं झालं. चोवीस वर्षं ह्यांच्याशी संसार केला. वर्षभर मी पलीकडच्या खोलीत जागीच तर होते. मग तहान लागल्यावर मला का नाही हाक मारली?