खासगीपणाचा कारखाना

साऱ्या नगर जिल्ह्यात खासगीपणा म्हणून जी काही वस्तू होती, ती नव्वदच्या दशकात कर्जतला, माझ्या थोरल्या साडूंच्या माजघरात, फ्रीजशेजारी ठेवलेली होती. साडू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. उमेदीची वर्षं त्यांनी लोकांचे ट्रंककॉल जोडण्यात, म्हणजेच ऐकण्यात घालवली. तालुक्यातली सोयरीक मोडल्याचं वऱ्हाडाआधी त्यांना कळे. निवृत्त होताच त्यांनी ठरवलं, की आपल्या घरचा शब्द परक्याच्या हातून जाता कामा नये. पुण्याहून जुना कॉम्प्युटर आणला, त्याला मोडेम जोडला आणि घरातल्या प्रत्येकाला त्यात एकेक टपालपेटी दिली. प्रत्येक म्हणजे तिघं: ते, माझी मेव्हणी आणि पुण्यात नोकरी करणारी मुलगी. मुलीनं तिथल्या कॉम्प्युटरवरून थेट घरचा नंबर फिरवायचा आणि पत्र पेटीत टाकायचं. मधे कंपनी नाही, पोस्टमन नाही.

फोन वाजला की मशीनच तो उचले. माणसांना मनाई होती. काष्टीला राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावानं एकदा फोन केला, कानात किंचाळी ऐकली आणि निरोप धाडला, "दादाच्या फोनात मांजर अडाकलंय." साडूंना ते प्रशस्तिपत्रक वाटलं. "ऐकणाऱ्याला काय कळलं? काही नाही!"

ज्याची पेटी त्याचंच पत्र, हा नियम कडक होता. मेव्हणीचं पत्र आलं की साडू प्रिंटर चालू करून भिंतीकडे तोंड करत, चाचपून कागद फाडत आणि घडी घालून तिला देत. अडचण किरकोळ होती. मशीनला देवनागरी येत नव्हती, म्हणून मुलगी मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांत लिही. आणि ती अक्षरं मेव्हणीला येत नव्हती.

"वाचा की तुमीच," ती म्हणे.

"तुझ्या नावाचं आहे," साडू म्हणत.

मग ती शेजारच्या मास्तरीणबाईंकडे जाई. बाई ओट्यावर बसून, वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचत. अशा रीतीनं साडूंच्या घरची बातमी, साडू सोडून, सगळ्या आळीला वेळेवर मिळे. मलाही ती आळीतच मिळाली.

"काय साडूभाऊ, मुलगा पसंत पडला का?" मी घरात शिरताच विचारलं.

"कुठला मुलगा?"

मेव्हणी चुलीपुढून उठून आली. "सोंग करू नगा! पोरीनं लिव्हलं, हापिसातला मुलगा आवडलाय, बाबांना इचार, ते न्हाई म्हनले तर मी त्याला नकार कळवते. तुमच्याच मशीनीतून आलं की, मंग येगळं काय इचारायचं! आन् तवापासून तुमी गप. आमी समजायचं ते समजलो. आज सांगनारंय ती त्याला, न्हाई म्हनून."

"मी वाचलं नाही."

"व्हय! कोन इस्वास ठेवील?"

साडूंनी मोडेमची वायर उपटली, मुलीचा नंबर फिरवला आणि जन्मात पहिल्यांदा उघड्या लाइनवर, आळीला ऐकू जाईल असे बोलले, "नकार कळवू नकोस गं. मला आत्ता कळतंय. शपथ, एक अक्षर वाचलं नव्हतं." मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले.

"काय म्हणाली?" मी विचारलं. आळीची सवय मलाही लागली होती.

साडू खाली बसले. "म्हणाली, आईच्या पेटीत टाकत होते, बाबा, पण लिहीत होते ते तुम्ही वाचाल म्हणूनच."

 मेव्हणीनं गादीखालून कागदांचा गठ्ठा काढून त्यांच्यापुढं ठेवला. साडूंनी सगळ्यात जुना कागद उचलला आणि घडी उलगडण्याआधी तिच्याकडे पाहून विचारलं, "वाचू?"