कडी सोडली नाही

नेस्टा क्वाइमानी मूळची मलाइता बेटावरची. नवऱ्याने वल्ह्याने मारून तिचा जबडा मोडला आणि तो वाकडाच सांधला. तेव्हापासून ती हसली तरी रागावल्यासारखी दिसते. नवऱ्याला सोडून ती माकिरा बेटावर लाकूडतोडीच्या तळावर स्वयंपाकीण म्हणून राहिली. रोजचा साठ माणसांचा भात, वर डब्यातला टूना मासा.

त्या तळावर बोटीतून मुली यायच्या. कुणाचा काका, कुणाचा मामा आणून सोडायचा आणि परत जाताना तांदळाची पोती, इंधनाची पिंपं घेऊन जायचा. लोसे अशीच आलेली, वीस-एकवीस वर्षांची. एके दुपारी ती किनाऱ्याकडे पळाली. मुकादमाने तिला स्वयंपाकघरासमोर गाठलं आणि ओंडके बांधायच्या साखळीने मारायला सुरुवात केली. "आंटी! आंटी!" म्हणून लोसे ओरडत होती. नेस्टा भात ढवळत राहिली. ओरडणं थांबलं तरी ढवळतच होती. संध्याकाळी दारातलं रक्त तिनेच धुतलं. लोसेला कुठे पुरलं, ते कुणी सांगितलं नाही, आणि नेस्टानेही विचारलं नाही.

आठवड्याने ती राजधानीत, होनियाराला आली आणि अशा मुलींना ठेवून घेणाऱ्या, चर्चच्या सिस्टर चालवत असलेल्या एका आश्रयघरात जाऊन उभी राहिली. "काम कुठलंही द्या," ती म्हणाली, "पण दाराशी द्या."

अकरा वर्षं ती त्या फाटकाशी बसते. मुलगी आली की आधी काही विचारायचं नाही, हा तिथला रिवाज. गरम पाणी, कोरडे कपडे, पोटभर खाणं. मग नर्स. पोलीस त्यानंतर, तेही मुलगी हो म्हणाली तर.

जसिंटा आली तेव्हा तिच्या दोन बरगड्या मोडलेल्या होत्या, पाठीवर सिगारेटचे चटके होते आणि एका कानामागचे केस मुळासकट उपटलेले होते. मामाने, गिडियनने, बोटीच्या इंजिनाच्या बदल्यात तिला दुसऱ्या एका तळावर दिलं होतं. कुणी हात लावला की ती चावायची. नेस्टाच्या मनगटालाही चावली.

"चाव," नेस्टा म्हणाली. "दात शाबूत आहेत तुझे, हे तर कळलं."

तिसऱ्या आठवड्यात जसिंटाने पोलिसांना नावं सांगितली. त्यानंतरच्या रविवारी बाकीच्या सगळ्या चर्चला गेल्या होत्या, घरात या दोघीच होत्या. गिडियन फाटकाशी आला. तोंडात सुपारी, हातात कोयता.

"माझी भाची बाहेर काढ."

"इथं कुणाची भाची नाही राहत."

"म्हातारे, कडी काढ! रक्ताचं नातं आहे माझं."

"इंजिन मिळालं ना तुला? मग जा, मासे मार. त्या इंजिनाला म्हण भाची."

त्याने लाल पिंक तिच्या तोंडावर टाकली आणि फाटकाच्या जाळीतून हात घालून कडी ओढू लागला. नेस्टाने कडी डाव्या मुठीत धरली. कोयत्याचा पहिला घाव जाळीवर बसला. दुसऱ्याने तिची दोन बोटं तुटून खाली पडली. तिने मूठ सोडली नाही. उरलेल्या बोटांनी कडी धरून, भिंतीला टेकवलेली पहार उजव्या हाताने उचलली आणि जाळीखालच्या फटीतून त्याच्या नडगीवर घातली. हाड मोडल्याचा आवाज तिलाही ऐकू आला. तो पडला. तिने दुसऱ्यांदा पहार घातली, तिसऱ्यांदाही. शेजारचे लोक धावून आले नसते तर किती वेळा घातली असती, ते तिला सांगता येत नाही.

मागून जसिंटा पळत आली. जी कुणाला हात लावू देत नव्हती तिने नेस्टाचं मनगट आपल्या लुंगीने करकचून आवळलं आणि हॉस्पिटलपर्यंत सोडलं नाही.

"माझ्यासाठी बोटं गेली तुझी, आंटी," ती रडत होती.

फुकटचं कौतुक नेस्टाला पचेना. तिने लोसेची सगळी हकीकत सांगितली.

जसिंटाने रडणं थांबवलं. "आणि तू काय करत होतीस?"

"भात ढवळत होते."

"मीपण अशीच हाक मारली होती," जसिंटा म्हणाली. "आमच्याही तळावर स्वयंपाकीण होती."

ती उठून गेली. चार दिवस फिरकली नाही. पाचव्या दिवशी येऊन पट्टी बदलली आणि दुखेल इतकी घट्ट बांधली.

कोर्टात गिडियन कुबड्यांवर आला. वकिलाने जसिंटाला खोटारडी म्हटलं, बाजारू म्हटलं. ती ओरडली नाही. ब्लाउज खांद्यावरून खाली ओढून पाठ दाखवली आणि म्हणाली, "मोजा." गिडियनला नऊ वर्षांची शिक्षा झाली. जसिंटाच्या तळाचा मुकादम मात्र वॉरंट निघण्याआधीच लाकडाच्या जहाजातून पसार झाला होता.

लोसेबद्दल नेस्टाने स्वतःहून पोलिसांत जबाब दिला. पोलीस माकिराला जाऊन आले. जमीन उकरली, काही सापडलं नाही. ती अजून दर सहा महिन्यांनी चौकीत जाऊन विचारते.

जसिंटा आता मलाइतावर, आउकी गावात कपडे शिवते. सिस्टरना तिची पत्रं येतात, नेस्टाला येत नाहीत.

"नाही तर नाही," नेस्टा म्हणते. "रागावायला माणूस जिवंत लागतं."