न मळलेली पानं

पेठ वडगावात एसटी स्टँडसमोर प्रभुलिंगअण्णांचं वाचनालय छत्तीस वर्षं चाललं. या महिनाअखेर ते बंद होतंय. अण्णांचे गुडघे थकलेत आणि वर्गणीदार अकराच उरलेत.

दिवाळी अंक परत आला की अण्णा तो चाळून बघायचे. पाककृतींवर हळदीची बोटं, राशिभविष्याचा कोपरा दुमडलेला, गूढकथेवर चहा सांडलेला. विज्ञानकथेची पानं मात्र छापखान्यातून आत्ताच आल्यासारखी. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, पण माझ्याकडून परत गेलेल्या अंकांतही ती पानं स्वच्छच असायची. अण्णा त्यावरून मला कधी बोलले नाहीत.

अंक जुना झाला की ते तेवढी पानं ब्लेडनं अलगद काढून घेत. अशा सत्तावीस गोष्टी त्यांनी एकत्र बांधल्या. एकीत मंगळावरच्या दोन वसाहती पाण्याच्या पाळीवरून भांडतात. ती त्यांना तोंडपाठ होती. वाचनालय बंद होण्याआधी या गोष्टी कुणीतरी वाचाव्यात, एवढंच त्यांना हवं होतं. ज्याला विचारलं तो "बघू" म्हणाला.

गेल्या बुधवारी मी तिथंच बसलो होतो. कोडोलीची स्नेहल आली. ती इथल्या दूध संकलन केंद्रात कामाला आहे. तिनं एक जुना अंक टेबलावर टाकला.

"अण्णा, ह्यातली नऊ पानं गायब हायत की. अनुक्रमणिकेत मंगळावरची गोष्ट हाय, आत न्हायच."

इतक्या वर्षांत ती पानं कुणी मागण्याची ही पहिलीच वेळ होती. अण्णा हळूहळू उठले आणि कपाटातून बांधीव पुस्तक काढलं.

"हितं बसून वाच."

"माझी गाडी हाय. घरी न्हेते की."

"एकच प्रत हाय ती. बाहेर देत न्हाय."

"मग जपून काय लोणचं घालणार हायसा व्हय?" म्हणत ती गेलीसुद्धा.

अण्णा पुस्तक मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "सर, कोडोलीची गाडी कितीला?"

"पाच मिनिटांत सुटंल."

रस्ता ओलांडायलाच आम्हाला चार मिनिटं लागली. स्नेहल खिडकीशी बसली होती. अण्णांनी पुस्तक खिडकीतून आत दिलं.

"परत कवा आणू?"

"आधी वाच तर."

गाडी गेली. अण्णा स्टँडच्या बाकावर टेकले, दोन्ही हात गुडघ्यांवर. समोर वाचनालय उघडंच होतं. त्यांनी तिकडं पाहिलं, पण उठले नाहीत.

"सर, पयली गोष्ट जरा रटाळ हाय," ते म्हणाले. "दुसरीपास्नं सुरू कर म्हणायला पायजे हुतं तिला."