वकील गेला, शिवी राहिली

अण्णांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्या समोरून तसाच पलीकडे नेला.

मला वाटलं, चुकून. कोर्टाच्या फाटकाबाहेर तुफान गर्दी होती. आमच्या वकिलाला शिक्षा लागली होती. अशिलांचे पैसे खाल्ले म्हणून जेल. बायका रडत होत्या, चॅनलवाले माईक घेऊन अंगावर येत होते, पुरुष एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. माझ्या डावीकडच्या बाईला पेढा मिळाला. उजवीकडच्या माणसाला मिळाला. मी हात पुढे केला होता. तो तसाच हवेत.

"अण्णा, मी राहिले."

अण्णा हसले. "तुला कशाला पेढा? तुमच्यातलाच आत गेला ना आज. तुमच्याकडे सुतक असेल."

दोघंतिघं खळखळून हसले. मीही हसले. ती लाज अजून पोटात आहे माझ्या. अण्णांचा शब्द लागला, पण माझं ते हसू जास्त लागलं.

अण्णा गिरगावातल्या फणसवाडीतले. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. फसवल्या गेलेल्या अशिलांची आमची समिती होती, तिचे अध्यक्ष. कोर्टाच्या एकाच बाकावर आम्ही किती वर्षं बसलो. त्यांना ठाऊक होतं की वकील माझा नातेवाईक नाही. आमच्या घोडपदेवच्या चाळीतला होता, आमच्या समाजातला होता. तेवढं त्यांना पुरलं.

वकिलाचं नाव प्रमोद. आम्ही दादा म्हणायचो. तिसऱ्या मजल्यावर राहायचा, वडील गिरणीतले. तो वकील झाला तेव्हा चाळीनं बँजो लावला होता. जयंतीच्या स्टेजवर त्याचं भाषण ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. मला दहावीला इंग्रजी त्यानंच शिकवलं. "शिकलीस तर कुणाच्या बापाला भ्यायची नाहीस," म्हणायचा. मी शिकले. आज परळला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे.

पुढे त्यानं दादरला ऑफिस टाकलं. काचेचा दरवाजा, आत एसी. जुन्या इमारतींच्या रिडेव्हलपमेंटच्या केसेस घ्यायला लागला. गिरगावातले भाडेकरू यायला लागले. त्यांचे पैसे सांभाळायला स्वतःकडे ठेवायला लागला. चाळीला केवढा अभिमान. भटा-ब्राह्मणांचे पैसे आपला प्रमोद सांभाळतो.

माझे बाबा लालबागच्या एका टॉवरवर वॉचमन होते. गेटचं लोखंडी शटर त्यांच्या अंगावर कोसळलं. जागच्या जागी गेले. दादानं केस लढवली, फी घेतली नाही. आईनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं. तो म्हणाला, "काकी, असं करू नका, मी तुमचा पोरगा आहे." आणि त्याच हातांनी आईच्या सह्या घेतल्या, भरपाई आपल्या खात्यात वळवली, आणि कितीतरी वर्षं आम्हाला सांगत राहिला, "कोर्टाचं काम आहे, वेळ लागतो."

बाबांच्या मढ्यावरचे पैसे खाल्ले त्यानं. माझ्या बाबांचं रक्त विकून गाडी घेतली.

मी त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. चाळीतली पहिली. चाळीच्या मंडळातल्या लोकांनी तेव्हाच सांगितलं होतं, "आपल्या माणसाला बाहेरच्यांसमोर नागवं करू नकोस." मी केलं. पिंजऱ्यात उभं राहून, त्याच्या डोळ्यात बघत, एकेक गोष्ट सांगितली. तो मला मारायला धावेल असं वाटत होतं. तो फक्त चष्मा पुसत होता.

तर त्या दिवशी, शिक्षेच्या दिवशी, पोलीस त्याला घेऊन बाहेर आले. गर्दी उसळली. कुणी चप्पल फेकली, कुणी पाण्याची बाटली. एक म्हातारे गृहस्थ त्याच्या तोंडावर थुंकले. पोलिसांचं कडं तुटत होतं. मी पण पायातली चप्पल काढली. खोटं कशाला बोलू? मला त्याचं थोबाड फोडायचं होतं. त्याचे दात रस्त्यावर पडलेले बघायचे होते. मी हात उगारला.

तेवढ्यात माझ्या कानाशी अण्णा ओरडले.

"महारडा साला! कोट घातला तरी जात दाखवलीच!"

माझा हात तिथेच थांबला.

प्रमोदनं ऐकलं. मान वर केली. आधी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचा ओठ फुटला होता. एक क्षण मला तो इंग्रजी शिकवणारा दादा दिसला, आणि त्या क्षणासाठी मी त्याचा आणखी द्वेष केला. हरामखोरा, ही शिवी तू त्यांच्या हातात दिलीस. मग पोलिसांनी त्याला गाडीत कोंबलं. दार आपटलं. गाडी गेली. तो सुटला त्या शिवीतून. शिवी माझ्याकडे राहिली.

मी अण्णांकडे वळले. "काय म्हणालात?"

"तुला नाही म्हटलं."

"मग कुणाला?"

"अगं, त्याला म्हटलं. तुझेही पैसे खाल्ले ना त्यानं? तू कशाला अंगावर घेतेस?"

"चोर म्हणा. दरोडेखोर म्हणा. आईबहिणीवरून घाला, मी पण घालते. ते जातीचं का काढलंत?"

अण्णांचा चेहरा बदलला. इतकी वर्षं बाकावर शेजारी बसलेला माणूस गेला, आणि आतून दुसराच कुणीतरी बाहेर आला. त्यानं बोट माझ्या कपाळाला लावलं. टोचलं.

"जास्त बोलू नकोस. तुम्हाला शेजारी बसवलं तीच चूक झाली."

चप्पल माझ्या हातात होतीच.

पहिली गालावर बसली. दुसरी कानशिलावर. चष्मा उडाला. पेढे फुटपाथवर पडले, लोकांच्या पायाखाली चिरडले. अण्णांचा मुलगा धावत आला, त्यानं माझे केस धरले, मला खाली ओढलं. गुडघा फुटला. कुणीतरी पाठीत लाथ घातली. ज्यांच्याबरोबर मी चहा प्यायले होते त्यांच्यातलंच कुणीतरी. मी अण्णांच्या मुलाच्या मनगटाला चावले. रक्त आलं तोंडात. माझं की त्याचं, माहीत नाही. सोडलं नाही मी.

पोलीस स्टेशनात आम्हाला समोरासमोर बसवलं. साहेब तरुण होता. "मॅडम, वयस्कर माणसावर हात टाकलात तुम्ही. मिटवून टाका."

"माझी तक्रार घ्या."

"ते काय म्हणाले?"

मी शब्द सांगितला. मोठ्यानं. साहेब म्हणाला, "जातिवाचक बोलले, असं लिहितो."

"नाही. मी सांगितला तोच शब्द लिहा."

"मॅडम, चांगलं दिसत नाही ते."

"ऐकायलाही चांगलं नव्हतं."

तासन्‌तास बसवून ठेवलं. पण मी उठले नाही. शेवटी ॲट्रॉसिटीखाली लिहून घेतलं. माझ्यावर मारहाणीची उलटी केस झालीच.

त्याच दिवशी व्हिडिओ फिरला. तो सुरू होतो माझ्या चप्पलेपासून. आधीचं काहीच नाही. खाली लिहिलं होतं, 'लुटारू वकिलाच्या नातेवाईक महिलेचा वृद्धावर हल्ला.' वकिलावरचा सगळ्या मुंबईचा राग माझ्यावर आला. मला काय काय लिहिलं लोकांनी. फाडून टाकू म्हणाले. कुठल्या हॉस्पिटलात आहे शोधा म्हणाले. शोधलंही. आमच्या सुपरवायझरनं केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "काही दिवस सुट्टी घे."

मला एक साक्षीदार हवा होता. सुलभाताई माझ्या शेजारीच उभ्या होत्या तेव्हा. त्याही फणसवाडीच्या, विधवा, त्यांचं घर वकिलानं बुडवलं होतं. तारखेला आलो की आम्ही डबा एकत्र खायचो. त्या माझ्या आईला लोणचं पाठवायच्या. मी फोन केला.

"ताई, तुम्ही ऐकलंत ना?"

त्या रडायला लागल्या. "ऐकलं गं मी. सगळं ऐकलं. पण मला त्याच वाडीत राहायचंय."

"मला कुठे राहायचंय, ताई?"

त्यांनी फोन ठेवला.

मग एका रविवारी अण्णांचा मुलगा आमच्या चाळीत आला. मनगटाला पट्टी. बरोबर आमच्याच मंडळाचे गायकवाड काका. दोघं आमच्या खोलीत एका सतरंजीवर बसले. आईनं पाणी दिलं. मुलगा म्हणाला, वकिलाचा फ्लॅट विकून लोकांचे पैसे परत करायचं ठरतंय, समितीतर्फे अर्ज जाणार आहे. "तुम्ही केस मागे घ्या. तुमचं नाव त्यात राहील याची जबाबदारी माझी." म्हणजे नाही घेतली तर राहणार नाही.

गायकवाड काका म्हणाले, "पोरी, प्रमोदनं आधीच समाजाचं तोंड काळं केलंय. आता आपण कुठल्या तोंडानं भांडायचं?"

मला हसू आलं. या वेळी खरं.

"काका, त्यानं चोरी केली तेव्हा गप्प बस म्हणालात, कारण तो आपला. आता यांनी शिवी घातली तरी गप्प बस म्हणता, कारण तो चोर. मी बोलायचं कधी?"

मुलगा आईकडे वळला. "आजी, तुम्ही तरी समजवा हिला."

आई भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे. थकली होती ती. तिनं त्याच्या समोरचा रिकामा ग्लास उचलला.

"तुझ्या बापाला म्हणावं, कोर्टात भेटू," ती म्हणाली. "आम्हाला सवय आहे."

ते गेले. समितीच्या ग्रुपमधून मला त्याच दिवशी काढलं. हॉस्पिटलनं सुट्टी वाढवली, पगाराविना. चाळीत काही जण माझ्याशी बोलत नाहीत. खाली पोरं मला बघून चप्पल काढायची नक्कल करतात.

माझी तारीख लागेल. अण्णांचा वकील विचारेल, मारलं का? मी म्हणेन, होय, मारलं. दोनदा. कशानं मारलं, कुठे मारलं, तेही सांगेन. एक शब्द लपवणार नाही. आणि मग त्यांना का मारलं ते सांगेन, आणि तो शब्द भरल्या कोर्टात पुन्हा उच्चारेन, त्यांच्या तोंडाकडे बघत. मला शिक्षा झाली तर भोगेन. साक्षीदार मिळाला नाही तर एकटी उभी राहीन. बाबांचे पैसे बुडाले तर बुडाले. प्रमोदला मी सोडलं नाही. अण्णांनाही सोडणार नाही.